विथहोल्ड म्हणजे नुसतं 'रोखणं' नाही

काल रात्री एका कराराचं भाषांतर करताना एकाच शब्दापाशी दीड तास अडकले. शब्द तसा ओळखीचा, विथहोल्ड. डिक्शनरीत रोखणे, राखून ठेवणे, न देणे असे अर्थ लगेच मिळतात आणि थिसॉरस उघडला तर रिस्ट्रेन, रिफ्रेन, कर्ब, सप्रेस, होल्ड बॅक सगळे एका रांगेत उभे, जणू कुठलाही उचला आणि बसवा. तसं होत नाही म्हणून तर हे लिहायला बसले.

करारातलं वाक्य असं होतं की संमती 'अनरीझनेबली विथहेल्ड' होता कामा नये. इंग्रजी करारांत हे कलम अगदी नेहमीचं आहे, आणि मी आजवर त्याचं 'संमती विनाकारण नाकारता येणार नाही' असं करत आले, कोणी काही बोललंही नाही. काल मात्र खटकलं. नाकारायला निदान 'नाही' तरी म्हणावं लागतं. विथहोल्ड करणाऱ्याला तेवढंही करावं लागत नाही, तो नुसता गप्प बसला, ईमेलला उत्तरच दिलं नाही, तरी समोरच्याला संमती मिळाली नाही ती नाहीच. (उशिरावरून वेगळा वाद नको म्हणून बऱ्याच करारांत पुढे 'डिलेड' हा शब्दही जोडतात.) म्हणजे ज्याला धाक बसावा म्हणून ते कलम लिहिलं त्यालाच माझ्या मराठीने पळवाट दिली, तो म्हणणार मी कुठे नाकारलं? शेवटी 'संमती विनाकारण अडवून ठेवता येणार नाही' असं केलं. अडवून ठेवण्यात गप्प बसणंही येतं.

मला या शब्दाचं मर्म इथेच वाटतं. विथहोल्ड करायला तीन गोष्टी लागतात, देणारा, घेणारा आणि मधली ती वस्तू, जी घेणाऱ्याला मिळायला हवी होती किंवा निदान तो तिची वाट बघत होता. पैसे, माहिती, पुरावा, परवानगी, प्रेम, काहीही असेल. म्हणून त्याच्यापुढे फ्रॉम येतं, कोणापासून ते सांगायला. माझ्याकडे एखादी गोष्ट आहे आणि कोणी तिची वाट बघत नाहीये, तर मी ती नुसती ठेवलीये, विथहोल्ड केलेली नाही.

शाळेत असल्यापासून मला एक कोडं होतं, विथ म्हणजे सोबत, मग सोबत धरणं याचा अर्थ न देणं कसा झाला? नंतर कळलं की जुन्या इंग्रजीत विथ म्हणजे 'विरुद्ध' असायचं. विथस्टँडमध्ये तेच आहे, विरुद्ध उभं राहणं, टिकाव धरणं. विथड्रॉमध्ये 'मागे, लांब' हा अर्थ उरलाय. स्पेलिंगही या फोडीवरूनच लक्षात राहतं, विथचा एक एच आणि होल्डचा एक, म्हणून मध्ये दोन एच. थ्रेशोल्डमध्ये मात्र एकच, तिथे बरेच जण गडबडतात. भूतकाळ विथहेल्ड, 'विथहोल्डेड' असं काही नसतं.

बाकीच्या भावंडांपैकी रिफ्रेन मला फार आवडतो. लॅटिनमध्ये फ्रेनम म्हणजे लगाम, त्यावरून तो आलाय. कर्ब हाही घोड्याच्याच सामानातला, हनुवटीखालून जाणारा पट्टा किंवा साखळी. आणि आपण काय म्हणतो, खर्चाला लगाम घाला, महागाईला वेसण घाला! दोन्ही भाषांना आवरायचं म्हटलं की जनावराचं तोंडच आठवलं. (गाण्याचं ध्रुवपद असतं त्यालाही रिफ्रेन म्हणतात पण त्याचा लगामाशी संबंध नाही, तो 'तोडणे' या अर्थाच्या दुसऱ्याच धातूपासून आलाय.) वापरात फरक असा की रिफ्रेन स्वतःच्या कृतीपुरता, एखादी गोष्ट करायची टाळणं. 'आय विथहेल्ड मायसेल्फ फ्रॉम स्पीकिंग' असं लिहिलेलं दिसतं ते कानाला चुकीचंच लागतं, तिथे रिफ्रेन किंवा रिस्ट्रेन हवा. रिस्ट्रेन म्हणजे आवरणं, धरून ठेवणं, मग तो राग असो, कुत्रा असो की मारामारीला निघालेला माणूस. सप्रेस म्हणजे वरून दाबणं, बंड, बातमी, हसू.

मराठीत यातला प्रत्येक जण वेगळ्या क्रियापदाकडे जातो. राग आवरायचा, माहिती दडवायची, पैसे अडवायचे, मत राखून ठेवायचं, हुंदका गिळायचा. होल्ड बॅकला तर 'हातचं राखून' इतकं सुंदर काही आहे की इंग्रजीचाच हेवा कमी होतो. आणि पगारातला टॅक्स? अमेरिकेत १९४३ पासून तो पगारातूनच विथहोल्ड करायची पद्धत सुरू झाली, म्हणजे त्यांच्या भाषेत मालक तेवढे पैसे धरून ठेवतो, आपण मात्र सरळ 'कापला' म्हणतो. तिकडे हात दिसतो, इकडे कात्री.

सगळ्यात जड गेलेलं काम हॉस्पिटलच्या एका माहितीपत्रकाचं होतं, त्यात विथहोल्डिंग ट्रीटमेंट आणि विथड्रॉइंग ट्रीटमेंट असे दोन शब्द शेजारी शेजारी होते. पहिल्याचा अर्थ उपचार सुरूच न करणं, दुसऱ्याचा सुरू असलेले थांबवणं, आणि जवळच्या माणसाच्या उशाशी बसून ते पत्रक वाचणाऱ्याला हा फरक नीट कळलाच पाहिजे. मी पहिल्या खर्ड्यात 'उपचार रोखणे' लिहिलं होतं. मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, अगं रोखणे म्हणजे कोणीतरी मुद्दाम आडवं आल्यासारखं वाटतंय, इथे तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलंय ना? तिचं खरं होतं. रोखणे या शब्दात आरोप आहे, विथहोल्डमध्ये तो असतोच असं नाही, संदर्भावर आहे. मग 'नवीन उपचार सुरू न करणे' असं लांबलचक लिहिलं, आणि अशा जागी लांबलचक लिहायला मला अजिबात वाईट वाटत नाही.

उलट्या बाजूने एक शब्द आपल्याकडे आहे जो मला इंग्रजीत एका शब्दात कधीच सापडला नाही, अबोला. बोलणं विथहोल्ड करणंच ते, समोरच्याचा हक्क असलेलं बोलणं, पण तो अबोला 'धरतात', म्हणजे होल्ड आलाच की त्यात.

आता टेबलावर एका कथेतलं वाक्य आहे, तिने त्याच्यापासून क्षमा विथहोल्ड केली. क्षमा रोखली, राखली, दडवली, अडवली, सगळं लिहून खोडून झालं. नाकारली तर नाहीच, कारण त्याने अजून मागितलेलीच नाही. सध्या असं ठेवलंय: 'क्षमा करणं तिच्या हातात होतं. तिने हात उघडला नाही.' एकाची दोन वाक्यं झालीत, उद्या सकाळी परत वाचून बघते.