मन लागत नाही, तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रविवारी उपासना संपली, आवारात चहा सुरू झाला, की पुरुषमंडळींपैकी कुणीतरी बायको जवळपास नाही ना हे बघून हळूच विचारतं: "विश्वास आहे हो, पण प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही. देवाला वाहिलेलं मन म्हणतात, ते करायचं तरी कसं?"

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आधी मन लागेल, मग प्रार्थना होईल. क्रम नेमका उलटा आहे. जिथे धन तिथे मन, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो (बायबल, मत्तय ६:२१). धन पुढे जातं, मन त्याच्या मागून येतं. वेळ आणि नजर यांचंही तसंच. त्यामुळे "मन लागत नाही" म्हणणाऱ्याला उलट विचारावं लागतं: मग ते लागलंय कुठे? रिकामं मन कुणाचंच नसतं. शेअरचे भाव, सोसायटीतलं भांडण, शेजाऱ्याची नवी गाडी, कुठे ना कुठे ते वाहिलेलं असतंच.

शास्त्रात ज्याला अंतःकरण म्हटलंय ते भावनेपुरतं नाही. हिब्रूत 'लेव' म्हणजे विचार करणारी, निर्णय घेणारी जागा. भावना बऱ्याचदा पोटात, आतड्यांत असल्याचं ते लोक म्हणत. म्हणून डोळे पाणावले नाहीत, अंगावर काटा आला नाही, तर भक्ती झाली नाही असं समजू नका. ८६ व्या स्तोत्रात दावीद मागतो ते एवढंच, की माझं चित्त एकाग्र कर. मुळात शब्द आहे तो 'एक कर' असा. तुकडे झालेत, ते जोडून दे. दावीदाचा मुलगा शलमोन राजा, त्याच्या मनाचे तुकडे जुळले नाहीत. मंदिराला त्याने सात वर्षं दिली आणि स्वतःच्या वाड्याला तेरा. वाडा बांधणं हे काही पाप नव्हे, पण म्हातारपणी त्याचं मन कुठे गेलं ते १ राजे ११ मध्ये वाचा.

आता कामाचं. नेम लहान धरा आणि जागा ठरवा. प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन "दार लावून घे" हे येशूचं वाक्य दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत राहणाऱ्याला थट्टाच वाटेल. पण तिथे मूळ ग्रीक शब्द कोठाराच्या खोलीचा आहे, म्हणजे घरातली अडगळीची जागा. आपल्याकडे ती गच्चीचा जिना असेल, सगळे उठण्याआधीचा स्वयंपाकघराचा ओटा असेल. मुंबईत फोर्टात नोकरी असेल तर हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल बघा. १७१८ पासून ते तिथे उभं आहे. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्याच्याकडे जात, त्यावरूनच चर्चगेट हे नाव पडलं. रोज लाखो माणसं त्या नावाच्या स्टेशनात उतरतात आणि चर्च कुठलं हे शंभरात एकालाही ठाऊक नसतं. असो.

वेळ पंधरा मिनिटं. जास्त नको. पहिल्या आठवड्यात तासभर बसणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात दिसत नाही. वाचनाचंही तेच. सगळ्यात जास्त लोक पडतात ते १ जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करून. रोज तीन अध्याय धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ३० जानेवारीला संपतात. ३१ तारखेला तिसरं पुस्तक, लेवीय, उघडतं, होमार्पणातली चरबी आणि कुष्ठाचे नियम समोर येतात आणि पुस्तक मिटतं. दोष लेवीयचा नाही. नवख्याने तिथून शिरू नये एवढंच. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांतापासून, सुरू करा. १६ अध्याय आहेत, रोज एक. मोठ्याने वाचा. ओठ हलले की डोळे नुसते ओळींवरून घसरत नाहीत.

ज्यांचा दिवस लोकलमध्येच उगवतो त्यांचं काय? गर्दीत पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, एक कडीला आणि एक बॅगेला. तिथे पाठांतर लागतं. २३ वं स्तोत्र घ्या, त्याला सहा ओव्या आहेत. बोरिवलीहून अंधेरीपर्यंत धीमी गाडी घेतली तर मधले टप्पेही बरोबर सहा: कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी. एका टप्प्याला एक ओवी, मनातल्या मनात, पुढचं स्टेशन येईपर्यंत तीच. बोरिवली सुटली की पहिली ओवी, परमेश्वर माझा मेंढपाळ. चौथ्या ओवीतली मृत्युच्छायेची दरी गोरेगाव सुटल्यावर येते. राम मंदिरनंतर येते पाचवी ओवी, शत्रूंच्या देखत ताट वाढलं जाण्याची. इथे ऑफिसात ज्याच्याशी आज बोलावं लागणार आहे आणि बोलायची इच्छा नाही, त्याचं नाव घ्या. जोगेश्वरीपर्यंत दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. मन भरकटणारच, कुणीतरी पायावर पाय देणारच. भान आलं की जे स्टेशन असेल तिथली ओवी धरायची, मागची भरून काढायला जायचं नाही. आणि कृपा करून हे मोठ्याने करू नका. डब्यात भजनी मंडळींची टाळांची जागा आधीच ठरलेली असते, त्यांच्याशी स्पर्धा नको.

रात्रीचं सकाळपेक्षा अवघड. पुरुषाचं मन बहुतेक वेळा रात्री अकरा ते साडेबारा या वेळात चोरीला जातं, आणि चोर उशाशी चार्जिंगला लावलेला असतो. अश्लील चित्रफितींबद्दल चर्चमध्ये कुणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. निश्चयाने हे सुटत नाही, कारण थकलेल्या माणसाकडे रात्री निश्चय उरतच नाही. बायबलमधल्या ईयोबाने वाईट नजरेने न बघण्याचा डोळ्यांशी करार केला (ईयोब ३१:१). करार आधी करायचा असतो, शुद्धीत असताना. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उठायला दोनशे-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. "गजरासाठी फोन लागतो" ही सबब तिथेच संपते.

झोपण्याआधी दहा मिनिटं दिवसाची उजळणी करा. ही रीत लोयोलाच्या इग्नेशियसची. धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेज चालवणाऱ्या येशूसंघाच्या संस्थापकांपैकी तो एक. प्रोटेस्टंट मंडळींनी ती उचलायला हरकत नाही. आधी दिवसातल्या दोन-तीन गोष्टींसाठी नावानिशी आभार मानायचे. मग उजेड मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याची एक गोष्ट ठरवायची. लोक पहिली पायरी गाळतात आणि थेट चुकांवर येतात. मग उजळणीची उलटतपासणी होते आणि चार दिवसांत नकोशी वाटते. आणखी एक. "मी रागीट आहे, प्रभू" असं म्हणण्यात काहीच खर्च होत नाही. "सव्वानऊला मुलाच्या वहीवरून मी ओरडलो, कारण मॅनेजरवर ओरडता आलं नाही," हे म्हणताना घसा अडतो. जिथे अडतो तिथेच थांबा.

एकट्याने हे फार काळ चालत नाही. याकोबाचं पत्र पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगतं. कॅथलिकांना फादरकडे पापनिवेदनाची सोय आहे. बाकीच्यांनी एक माणूस शोधावा, एकच, शक्यतो आपल्या ऑफिसातला किंवा नात्यातला नसलेला. आठवड्याला अर्धा तास. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर महिन्याभरात तिथे फुलांची चित्रं आणि सुप्रभात उरेल. भेटल्यावर "जरा कमी पडलो" हे उत्तर चालवून घेऊ नका. किती वेळा आणि कधी, हे विचारा. हे काम बायकोवर ढकलू नका. ती जोडीदार आहे, जेलर नव्हे.

घरची उपासना मात्र तिच्यासोबतच. एक गीत, दहा-बारा ओव्यांचं वाचन, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, की झालं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंगाच्या चालीची भजनं दिली आहेत, पेटी नसली तरी टाळ्यांवर होतात. बिघडतं ते बाप प्रवचन द्यायला लागला की. त्यातही दिवसभरातल्या मुलांच्या चुका प्रार्थनेत घालून देवाच्या नावाने टोमणे मारले, तर मुलं डोळे मिटून दात-ओठ खातात. प्रेषित पौलाने बापांना मुलांना चिरडीस आणू नका म्हटलं, ते अशाच वेळी आठवावं. तुमची स्वतःची चूक त्यांच्यादेखत कबूल करा, बाकी काही शिकवावं लागत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दशांश, म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग, महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून काढला जात नाही, कारण या शहरात उरत नाही. पगार जमा होईल त्याच दिवशी बाजूला काढा. दहा टक्के झेपत नसेल तर तीनपासून सुरू करा, पण पहिल्या दिवशी.

राहिला प्रश्न नेम चुकण्याचा. तो चुकणारच. मेगाब्लॉक असेल, मूल आजारी असेल, कधी नुसता आळस असेल. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला गेलात की तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा तारखेला बांधलेलं वाचन बरं. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, तारीख असेल तो अध्याय. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. आज १५ असेल आणि १४ ची राहून गेली असतील, तर १५ ची वाचा. १४ ची पुढच्या महिन्यात येतीलच.