चरित्राच्या पोथीशेजारची वही

रविवार

साईसच्चरितावर लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: चमत्कार खरे का? परीक्षणात हा प्रश्न शेवटी घ्यावा, नाहीतर घेऊच नये. आधी बघायचं ते कोणी पाहिलं, कोणी ऐकलं आणि कागदावर कधी उतरलं.

साईसच्चरिताचे लेखक गोविंदराव दाभोलकर शिर्डीला प्रथम गेले ते १९१० मध्ये. पहिल्या अध्यायातलं बाबांचं गहू दळणं त्यांनी स्वतः पाहिलेलं. चांद पाटलाची हरवलेली घोडी किंवा पाण्यावर पेटलेल्या पणत्या या गोष्टी त्याआधीच्या, म्हणजे त्यांच्यापर्यंत आल्या त्या ऐकूनच. पोथीत दोन्ही एकाच ओवीच्या चालीत येतात, त्यामुळे सांधा कानाला लागत नाही. तो शोधणं हेच परीक्षकाचं काम.

वहीत चार रकाने आखावेत: प्रसंग, सांगणारा, घडल्याचं व लिहिल्याचं साल, आणि वेगळा पुरावा. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवावा. तिथे दुसऱ्या चरित्राचं नाव घालायचा मोह होतो, पण त्या लेखकाने दाभोलकरांवरूनच घेतलं असेल तर साक्षीदार एकचा दोन होत नाही. एका प्रसंगाला पाच पुस्तकांचा आधार आहे, असं लिहिणारे इथेच फसतात.

उताऱ्याखाली अध्याय आणि ओवीचा क्रमांक हवाच. गुणाजींचं १९४४ चं इंग्रजी पुस्तक हे रूपांतर आहे. त्यात काही गाळलंय, काही घातलंय. त्यावरून मराठी करून ‘दाभोलकर म्हणतात’ असं लिहिणं सरळसरळ चूक.

बुधवार

चौथ्या रकान्यासाठी सर्वात मोलाचा कागद म्हणजे अमरावतीचे वकील, टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांची रोजनिशी. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या शिर्डीतल्या मुक्कामात काकड आरती, बाबांचं बाहेर जाणं-येणं, दुपारी पंचदशी या वेदान्तग्रंथाचं वाचन, हे सगळं त्या त्या दिवसाचं. नोंदी कोरड्या, एकसारख्या. भाविकाला कंटाळा येईल. कामाच्या त्या यामुळेच, कारण पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. साईसच्चरिताच्या सातव्या अध्यायात खापर्ड्यांच्या मुलाच्या प्लेगची हकिगत आहे. ती वाचताना रोजनिशी शेजारी उघडी असावी. मात्र रोजनिशीत एखादी गोष्ट नाही म्हणून ती घडलीच नाही, असा निकाल देऊ नये. थकलेला माणूस रात्री चार ओळी खरडतो, त्यात सगळं येत नाही.

अशा छाननीला अश्रद्धा म्हणणाऱ्यांनी लीळाचरित्र बघावं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, माणसं गाठून, विचारून गोळा केल्या. सांगण्यात फरक पडला तिथे पोथीत ‘शोधु’, ‘वासना’ अशी खूण करून दुसरा पाठही ठेवलेला सापडतो. एकांक या पहिल्या भागातल्या लीळा स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीतल्या. तेव्हा सोबत शिष्य नव्हते, म्हणून त्या स्वामींनीच पुढे सांगितलेल्या. पुढच्या भागापासून, म्हणजे पूर्वार्धापासून, बघणारे डोळे वाढतात. परीक्षणात या दोन भागांना एकच वजन देणं म्हणजे म्हाइंभटांच्या कष्टावर पाणी ओतणं. लीळांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. वि. भि. कोलत्यांनी संपादलेली १९७८ ची प्रत वापरली असेल तर तसं लिहावं, आणि क्रमांकासोबत लीळेचं नावही द्यावं.

आजकालच्या बाबा-महाराजांच्या चरित्रांत ‘एका भक्ताला अनुभव आला’ एवढ्यावर भागवतात. ना गाव, ना साल. अशा पुस्तकाचा दुसरा रकाना पानंच्या पानं कोरा जातो, आणि परीक्षणात तेवढंच सांगितलं तरी पुरे. भाषेवर, मुखपृष्ठावर नंतर लिहावं.

साईसच्चरितातली आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दाभोलकर १९२९ मध्ये गेले. ५३ वा अध्याय, म्हणजे अवतरणिका (आधीच्या अध्यायांचा सारांश), बा. वि. देवांनी रचली. शेवटच्या अध्यायातली ओवी दाभोलकरांच्या नावावर टाकू नये.