वुड फार्मवर उतरणारी माजी सून

सप्टेंबर २०२५ मधला एक रविवार. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले, तर दाराशी ठेवलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात दोन पेपरांवर एकच चेहरा होता. लाल केसांची फर्गी, म्हणजे ब्रिटिश राजपुत्र अँड्र्यूची घटस्फोटित बायको सारा फर्ग्युसन. गल्ल्यावरचे गुजराती काका पैसे घेता घेता एवढंच म्हणाले, "फिर वही."

मी स्लाऊमध्ये राहते. आमच्या स्टेशनवरून विंडसरची छोटी गाडी सहा-सात मिनिटांत पोचते, त्यामुळे राजघराण्याच्या भानगडी इथे शेजारच्या घरातल्या वाटतात. त्या संध्याकाळी सांगलीहून आईचा फोन आला. तिनेही टीव्हीवर पाहिलं होतं. "अगं, तिचा तर कधीच काडीमोड झाला ना? मग अजून त्यांच्या घरात कशी?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

साराचं लग्न राणी एलिझाबेथच्या दुसऱ्या मुलाशी, अँड्र्यूशी, २३ जुलै १९८६ रोजी झालं. मार्च १९९२ मध्ये ते वेगळे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुलींना घेऊन स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलच्या राजवाड्यात सासरच्या माणसांत होती आणि डेली मिररने ते कुप्रसिद्ध फोटो छापले: दक्षिण फ्रान्समधलं घर, पोहण्याचा तलाव, आणि तिच्या पावलाशी लगट करणारा तिचा आर्थिक सल्लागार. फोटोंतल्या त्या घरी मुलीही होत्या, थोरली चार वर्षांची, धाकटी दोन. सकाळी पेपर आले तेव्हा ती बाल्मोरलच्या वाड्यात सासू-सासऱ्यांबरोबर होती. ती सकाळ तिने कशी काढली असेल, याचा विचार केला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई होती ती, चोरून लांबून तिचे फोटो काढले गेले होते, आणि मान मात्र तिलाच खाली घालावी लागली. थोड्याच दिवसांत तिने बाल्मोरल सोडलं.

राणीने तिच्याबद्दल जाहीरपणे चकार शब्द काढला नाही. मात्र कागद हलले. ३० मे १९९६ ला घटस्फोट झाला, आणि ऑगस्टमध्ये राणीच्या सहीने नियम निघाला की घटस्फोटित सुनांना 'हर रॉयल हायनेस' लावता येणार नाही. डायनाचा घटस्फोट पुढच्याच आठवड्यात व्हायचा होता. आरडाओरडा नाही, आरोप नाही. एक बिरुद काढून घेतलं आणि 'डचेस ऑफ यॉर्क' तेवढं नावामागे राहू दिलं.

पण नातं असं सहीने तुटत नाही, कारण मुली राजघराण्याच्या होत्या. नाताळात कुटुंब सँड्रिंगहॅमच्या राणीच्या इस्टेटीवर जमायचं. मुली मोठ्या वाड्यात, आणि त्यांची आई त्याच इस्टेटीवरच्या वुड फार्म नावाच्या साध्या घरात, असं त्या वर्षांचं वर्णन वाचायला मिळतं. हे वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. तिच्या घटस्फोटानंतरही तिच्या सासूबाई दर दिवाळीला नातवंडांच्या हाती फराळाचा डबा पाठवायच्या. घरच्या कुठल्याही लग्नाची पत्रिका मात्र आत्याला कधी आली नाही. रिकामा डबा परत करू नये म्हणून आत्या त्यात वाटीभर साखर घालून पाठवायची. इतकी वर्षं तो डबा ये-जा करत राहिला, दोघी समोरासमोर कधी आल्या नाहीत. वुड फार्म म्हणजे तसाच डबा. माया आहे, पण उंबरठ्याच्या अलीकडे.

मे २०१० मध्ये फर्गीने खरी चूक केली. न्यूज ऑफ द वर्ल्डचा एक पत्रकार श्रीमंत व्यापारी बनून तिला भेटला, आणि अँड्र्यूशी गाठ घालून देण्याचे तिने ५ लाख पौंड मागितले. छुप्या कॅमेऱ्याने टेबलावरच्या नोटांसकट सगळं टिपलं. ती कर्जात बुडालेली होती, हे खरं. राजवाड्याकडून खुलासा आला तो अँड्र्यूपुरता, की त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या माणसाला बाजूला काढायचं आणि तिचं तिला निस्तरू द्यायचं. तिने माफी मागितली. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला अँड्र्यूच्या पुतण्याचं, विल्यमचं, लग्न झालं, तेव्हा तिला आमंत्रण नव्हतं. मुली मात्र लग्नाला वेस्टमिन्स्टर ॲबीत होत्या.

मग हळूहळू दार किलकिलं झालं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये धाकट्या लेकीचं, यूजीनीचं लग्न विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये होतं. मी गर्दीत उभी होते. वारा असा सुटला होता की पाहुण्यांच्या टोप्या उडत होत्या, माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई एका हाताने झेंडा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा स्कार्फ धरून होत्या. त्या दिवशी फर्गी नवरीची आई म्हणून आली, तिला कोण अडवणार? राणी गेल्यावर तिची शेवटची दोन कॉर्गी कुत्री अँड्र्यू आणि फर्गीच्याच घरी गेली, विंडसर ग्रेट पार्कातल्या रॉयल लॉजमध्ये. कारण घटस्फोट होऊनही ती दोघं तिथे एकाच छपराखाली राहत होती. आणि २०२३ च्या नाताळात, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून गेलेली ती, कितीतरी वर्षांनी पुन्हा कुटुंबाबरोबर चर्चपर्यंत चालत गेली. मला मनापासून बरं वाटलं होतं.

आणि मग तो सप्टेंबरचा रविवार. जेफ्री एपस्टीन या अमेरिकन धनाढ्याकडून १५ हजार पौंड घेतल्याबद्दल तिने मार्च २०११ मध्ये जाहीर माफी मागितली होती, त्याच्याशी पुन्हा संबंध ठेवणार नाही असं सांगितलं होतं. आता उघड झालं की त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे विल्यमच्या लग्नाच्याच महिन्यात, तिने त्याची ईमेलने क्षमा मागितली होती आणि त्याला आपला थोर मित्र म्हटलं होतं. तो दाव्याच्या धमक्या देत होता म्हणून लिहिलं, असं तिच्या प्रवक्त्याने सांगितलं. मला ते पटलं नाही. अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात शिक्षा भोगून आलेला माणूस होता तो. मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या संस्थांनी एकामागून एक तिच्याशी संबंध तोडले. त्यांत कर्करोगग्रस्त किशोरांसाठी काम करणारी, १९९० पासून तिच्याशी जोडलेली संस्थाही होती.

तीस वर्षं राजघराण्याने तिच्या प्रत्येक गोष्टीला एकच उपाय केला: अंतर. तलावाकाठच्या फोटोंना अंतर, पैशांच्या व्हिडिओलाही अंतर. पहिल्या प्रसंगात तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, तरी तिने वुड फार्म भोगलं. अब्रू मोजायची एकच फूटपट्टी असली की खाजगी प्रेम आणि खरा गुन्हेगार मित्र दोन्ही सारखेच लाजिरवाणे दिसतात, आणि एपस्टीनने ज्यांचं खरं नुकसान केलं त्या मुली त्या मापात कुठेच बसत नाहीत. मला राग आहे तो याचा.

१७ ऑक्टोबरला, स्वतःच्याही एपस्टीनशी असलेल्या संबंधांपायी, अँड्र्यूने आपली बिरुदं वापरणं सोडलं आणि तीही पुन्हा नुसती सारा फर्ग्युसन झाली. ३० ऑक्टोबरला राजवाड्याचं पत्रक आलं: अँड्र्यूचं 'प्रिन्स' जाणार, रॉयल लॉज सोडावं लागणार. ती आपली सोय आपण बघेल, असं बातम्यांत होतं. लेकींची राजकन्यापदं मात्र तशीच राहिली.

त्या पत्रकाचा शेवट मी आईला फोनवर मराठीत करून सांगितला, की राजा चार्ल्स आणि राणी कॅमिला यांची सहानुभूती अत्याचार सोसलेल्या सगळ्यांबरोबर आहे आणि राहील.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "हे आधी म्हणायला काय झालं होतं?"