रोहित (फ्लेमिंगो) रात्री दीड वाजता? जेनेरिक ओडीबीसीची खटपट

पक्ष्यांच्या नोंदी आता सगळ्या जुन्या लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत: वेळ, जागा, पक्षी, अंदाजे संख्या, फोटो आहे की नाही. जागा नेहमीच्याच, नेरुळची टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, डीपीएस तलाव आणि ऐरोलीची खाडी. या खेपेला त्यावर पॉवर बीआय हे आलेख-अहवालांचं साधन जोडलं, तेही ओडीबीसीने, म्हणजे कुठलाही प्रोग्राम कुठल्याही डेटाबेसला जोडायच्या सामाईक मार्गाने.

पोस्टग्रेससाठी त्यात खास कनेक्टर असताना ओडीबीसी कशाला, असं कुणीतरी विचारणारच. मला एकच डीएसएन (जोडणीचा साठवलेला तपशील) एक्सेल, लिबरऑफिस आणि पॉवर बीआय, तिघांना पुरवायचं होतं. ओडीबीसी 1992 पासून नेमकं याचसाठी आहे. मात्र या सर्वसाधारण कनेक्टरवर डायरेक्टक्वेरी (दर वेळी थेट डेटाबेसला विचारणं) नाही, फक्त इम्पोर्ट (डेटाची प्रत आणणं). हौशी नोंदींना तेवढं रग्गड.

पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर टाकला की यादीत युनिकोड आणि अँसी (जुनी, मोजक्या अक्षरांची पद्धत) असे दोन दिसतात. डोळे झाकून युनिकोड घ्या. 'शेकाट्या', 'वंचक' ही पक्ष्यांची नावं अँसीतून धड येण्याची आशा नको. डीएसएन मात्र ओडीबीसीच्या 64-बिटच्या खिडकीतच बनवा. विंडोजमध्ये ती सिस्टम32 फोल्डरात आहे आणि 32-बिटची सिसवॉव64 मध्ये, वर दोन्ही फायलींचं नाव ओडीबीसीएडी32! हा उलटा कारभार कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे.

जोडणी लगेच झाली. खरी गंमत पहिल्या आलेखात. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित तलावाकडे येतात, ते तासागणिक बघायचं होतं. सकाळी 7 ला टिपलेला थवा आलेखात रात्री दीडला उभा! बरोबर साडेपाच तासांचा फरक. ओडीबीसीच्या टाइमस्टँपमध्ये टाइमझोनला जागाच नाही, त्यामुळे सेशनचा (त्या जोडणीचा) झोन जो असेल त्यातली वेळ तशीच पुढे पाठवली जाते. माझा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या साधनात मात्र तीच ओळ 7 दाखवत होती, म्हणून आधी संशय पॉवर बीआयवर गेला. पण डीबीव्हर जेडीबीसीवरून (ओडीबीसीसारखाच, पण जाव्हाचा मार्ग) येतं आणि पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर जोडणी करतानाच जाव्हाचा झोन सर्व्हरला कळवतो. दोघंही आपापल्या जागी खरे.

डीएसएनच्या कनेक्ट सेटिंग्जमध्ये झोन ठरवून देता येतो, पण मशीन बदललं की पुन्हा तेच. म्हणून डेटाबेसमध्येच व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) केला आणि वेळ तिथेच 'एशिया/कोलकाता'त वळवली. फोटोचा बूलियन (हो/नाही) कॉलमही मजकूर बनून '1', '0' असा येत होता. 'बूल्स ॲज कॅर' हा पर्याय मुळातच चालू असतो. तो बंद करण्याऐवजी व्ह्यूमध्येच पूर्णांक केला. लांब टिपणांचा कॉलम व्ह्यूत घेतलाच नाही, आलेखात त्याचं काही काम नाही.

माझं मत: जेनेरिक ड्रायव्हरवर जितकं कमी सोपवाल तितकं बरं. पॉवर क्वेरीतली (पॉवर बीआयचा डेटा तयार करायचा भाग) गाळणी ड्रायव्हरने स्वतःविषयी जे सांगितलं त्यावरून एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) होते किंवा होत नाही. नक्की काय गेलं ते बघायला ओडीबीसी खिडकीतलं ट्रेसिंग (प्रत्येक हालचालीची नोंद) थोडा वेळ चालू करा, पण बंद करायला विसरू नका. नाहीतर सगळं रांगायला लागतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक अजून एक्सेलमध्येच आहे. तेही टेबल करून याच व्ह्यूला जोडणार, मग थव्याच्या वेळेशेजारी पाण्याची उंची दिसेल.