ब्लॉक झाले, आता मांडायचे कसे?

ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौकोन, शिवून झाले की बघणाऱ्याला वाटतं गोधडी झालीच, आता काय नुसतं जोडायचं. मला विचाराल तर खरी गोधडी तिथून पुढे ठरते. तेच नऊ ब्लॉक एकमेकांना खेटून लावा, मधे पट्ट्या घाला, नाहीतर तिरके करून टोकावर उभे करा, तीन वेगळ्या गोधड्या होतात, आणि आपल्याला कुठली हवीये ते सगळं जमिनीवर पसरून चार पावलं मागे गेल्याशिवाय कळत नाही.

खेटून लावण्यात गंमत ही की शेजारशेजारचे त्रिकोण भेटतात आणि कुठल्याच ब्लॉकमधे नसलेली चांदणी मधेच उगवते. त्रिकोणांचे ब्लॉक असतील तर मी पट्टीच्या वाटेलाच जात नाही. (कोपरे जुळवायची कटकट मात्र इथेच सगळ्यात जास्त, टोक जरा शिलाईत गेलं की लांबून दिसतं.) पण एकात फूल, एकात घर, एकात नुसत्याच पट्ट्या असा सगळा गोंधळ असेल तर मधे पट्टी हवीच.

पट्टीत लोक रंग बघतात, मी आधी गडद की फिकी ते बघते. गडद पट्टीने प्रत्येक ब्लॉक खिडकीतून बघितल्यासारखा वेगळा होतो, आणि पट्टी ब्लॉकच्या पार्श्वभूमीच्याच कापडाची घेतली तर चौकट गायब, नुसती नक्षी तरंगते. ठरत नसेल तर फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा, लगेच समजतं. १२ इंची ब्लॉकला दोन-तीन इंचाची पट्टी पुरे, त्याहून रुंद केली की नजर पट्ट्यांवरच जाते आणि इतकं मरमर करून शिवलेले ब्लॉक बिचारे मागे पडतात.

माझा जीव मात्र तिरक्या मांडणीत. १२ इंची ब्लॉक टोकावर उभा केला की कर्ण जवळजवळ १७ इंच, म्हणजे सरळ लावून ३६ इंच भरणारे तीन ब्लॉक आता ५१ इंच भरतात, मधल्या चार जागी साधे चौकोन टाकले की तेवढ्याच नऊ ब्लॉकमधे केवढं काम होतं बघा! कडेला आठ त्रिकोण लागतात आणि कोपऱ्यांना चार. कडेचे त्रिकोण मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्णांवर चार तुकडे करून घ्यायचे, कोपऱ्याचे लहान चौकोनाचे दोन करून. हे उलटसुलट केलं की कापडाची तिरकी बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते, ती हात लागेल तशी ताणते आणि मग इस्त्री कितीही फिरवा, कड लाटाच मारत राहते.

लाटांचं दुसरं कारण बॉर्डर. लांबच लांब पट्टी घ्यायची, कडेला शिवत जायचं आणि उरेल ते कापायचं, हे फार जण करतात. कड आधीच थोडी ताणलेली असते, ती मागेल तेवढं कापड आपण देत बसतो. त्यापेक्षा गोधडीच्या मधोमध टेप लावायचा, तेवढीच बॉर्डर कापायची आणि कड तिच्यात टाचण्या लावून बसवायची. आणि तिरक्या मांडणीला कडेचे त्रिकोण चांगले मोठे निघाले असतील तर मी बॉर्डर लावतच नाही, सरळ गोट मारून मोकळी होते.