आमची वाटचाल: मधल्या महिन्यांचा धंदा

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बाईच्या डोक्यावर बहुधा दोन तऱ्हेचे केस असतात. मुळाशी चार-सहा बोटं कुरळे आणि त्याखाली एकदम सपाट. रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करून घेणं, सोडून काही महिने झाले की सगळ्यांचं हेच होतं. पार्लरवाली म्हणते, टचअप करून घ्या, म्हणजे मुळाचे नवे केसही सरळ. घरचे म्हणतात, हा काय अवतार. बाई आरशात बघते आणि तिलाही ते पटायला लागतं. सरळ केसांकडे परत जाणाऱ्या बायका याच टप्प्यावर परत जातात. आम्ही जवसाचं जेल, शाम्पू आणि कंडिशनर विकतो, पण आमची कंपनी खरी उभी आहे ती या मधल्या महिन्यांवर.

हे महिने टळत नाहीत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट लावून केसातले गंधकाचे बंध तोडतात, इस्त्रीने केस सपाट करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. तुटून पुन्हा जोडलेला तो भाग कोणत्याही तेलाने, मास्कने परत कुरळा होत नाही. मूळ मात्र त्वचेच्या आत असतं. ते आपल्या पद्धतीने कुरळा केस वर पाठवत राहतं. म्हणजे वाट दोनच: सगळं कापून टाका, नाहीतर थोडं थोडं कापत थांबा. कंबरेपर्यंत केस असलेल्या बाईला हे थांबणं काही वर्षांचं पडतं. कापून टाकायची हिंमत कमी जणींत असते, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

माझं स्वतःचं रिबॉन्डिंग सुटलं ते तत्त्वासाठी नाही, पाण्यासाठी. 2016 साली लातूरला पाणी नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. सरळ केलेल्या केसांवर तेल लगेच पसरतं. दिवसाआड धुतले नाहीत तर ते डोक्याला चिकटून बसतात. टँकरची वाट बघणाऱ्या घरात दिवसाआड न्हायचं कोणाच्या तोंडाने म्हणायचं? कुरळ्या केसांचं उलट असतं. टाळूचं तेल वळणं घेत खालपर्यंत लवकर पोचत नाही, त्यामुळे आठवडाभर न धुता ते नीट राहतात. मी टचअप चुकवला, मग पुढचाही चुकवला. मुळातून वर येणारे माझे जुने केस तेव्हाच्या लातुराला जास्त सोयीचे होते.

कसे धुवायचे ते मात्र माहीत नव्हतं. आपल्याकडे कुरळ्या केसांचं सगळं शास्त्र म्हणजे भरपूर तेल आणि घट्ट वेणी. सासूबाई विचारायच्या, "न्हाऊन आलीस की भांडून?" मी शिकले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडून, त्यांचे व्हिडिओ बघून. त्यांच्याकडे केस सरळ करणारं रसायन म्हणजे रिलॅक्सर. बहुतेक सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा. ते आपल्या रिबॉन्डिंगपेक्षाही तीव्र. सोडून देण्याला त्यांच्याकडे नुसत्या सौंदर्याची बाजू नाही. नैसर्गिक केस ठेवले म्हणून नोकरीत आणि शाळेत अडवणूक व्हायची, म्हणून 2019 साली कॅलिफोर्नियाने ती बेकायदा ठरवणारा क्राउन कायदा केला. आपल्या वाट्याला टोमणे येतात, नोकरी जात नाही. हा फरक मी विसरत नाही. ट्रान्झिशन (हेच मधले महिने), पोरॉसिटी (केस पाणी किती शोषतो ते) हे शब्द आज पुण्या-मुंबईच्या मुली सहज वापरतात, ते त्या बायकांनी रुळवलेले आहेत. त्यांचं जसंच्या तसं उचलून मात्र चालत नाही. त्यांचे केस आपल्यापेक्षा खूप घट्ट वळणाचे आणि कोरडे, त्यांना शिया बटर, म्हणजे बियांचं जड लोणी, पेलतं. माझ्या केसांवर ते लावलं की दुपारपर्यंत सगळं खाली बसायचं.

माझा क्रम तेव्हा ठरला तो थोड्याफार फरकाने आजही तोच आहे. न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल, तेही थोडंच. आजीच्या या सवयीला मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली प्रयोगाचा आधार दिला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. सकाळी सौम्य शाम्पू, तोही टाळूलाच. मग ओल्या केसांना कंडिशनर लावून आधी बोटांनी आणि नंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, टोकाकडून वर. कोरडे कुरळे केस विंचरायचे नाहीत, एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं. मग घमेल्यात पाणी घेऊन केस त्यात बुडवायचे, मुठीत दाबायचे, पुन्हा बुडवायचे, पाणी तेच. टंचाईच्या दिवसांत एक बादली मला पुरायची. नंतर ओल्या केसांवर जवसाचं जेल आणि पंच्याने टिपणं. टर्किशच्या टॉवेलने खसाखसा पुसलं की सगळी मेहनत गेली. बाहेरचे लोक यासाठी जुना टी-शर्ट वापरा म्हणून सांगतात. आपल्या घरात पंचा पूर्वीपासून आहेच.

शिकेकाईबद्दल विचारणा फार होते. शिकेकाई सौम्य असते, चांगली असते, पण तिची भुकटी कुरळ्या केसांत अडकते आणि काढायला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं. वापरायचीच तर उकळून गाळून घ्या. आम्ही ती विकत नाही.

दोन तऱ्हेच्या केसांचा जो सांधा असतो तिथे केस सगळ्यात जास्त तुटतो. तिथे घट्ट रबर नको, ओढून बांधलेला अंबाडा नको. रात्री सैल पिळाच्या वेण्या घालून झोपलं की खालच्या सरळ भागालाही तात्पुरतं वळण येतं आणि सकाळी दोन्ही भाग एकमेकांत मिसळून जातात. मधले महिने निभावण्याची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. आमचं एकही उत्पादन तिच्यासाठी लागत नाही.

धंदा सुरू झाला तो ओळखीतून. मैत्रिणी विचारायला लागल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. जवस आमच्याकडे रब्बीत होतोच, घरोघरी चटणीला असतो. एक वाटी जवस, सात-आठ वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळलंच जात नाही. ही कृती मी सगळ्यांना फुकट दिली आणि आजही प्रत्येक पार्सलमध्ये छापून देते. नवऱ्याला ते तेव्हा वेडेपणा वाटायचं. पण घरी जेल करून बघणारी बाईच पुढे आमची बाटली घेते, कारण दर आठवड्याला गॅसपाशी उभं राहायला तिला वेळ नसतो. आणि घरचं जेल फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकतं.

या टिकण्यावरूनच नणंदेने मला थांबवलं. ती बी.फार्म. झालेली. मी बाटल्या भरायला निघाले तेव्हा म्हणाली, "वहिनी, पाण्याची वस्तू आहे ही, चटणी नाही. आणि परवाना?" सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये जागा, माणसं, तपासणी सगळं सांगितलेलं आहे. म्हणून सुरुवातीला आम्ही परवाना न लागणाऱ्याच गोष्टी विकल्या: निवडलेला जवस, गाळायचं मलमलचं कापड, कडुलिंबाच्या लाकडाचे कंगवे, सॅटिनचे उशीचे अभ्रे. अभ्रे गल्लीतल्याच शिवणकाम करणाऱ्या काकूंनी शिवले. नफा किरकोळ, पण कोणाला काय हवंय ते कळलं. मग लोन लायसन्स काढून दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आमचं जेल करून घेतलं, आणि त्यानंतर स्वतःचं युनिट.

युनिट शहरात न करता गावाकडे केलं, कारण प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान आहे, शहरात 25. नव्या मुलींना एक सांगून ठेवते: हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. हप्ते त्या हिशेबाने धरा. बँकेतल्या साहेबांना कुरळ्या केसांसाठी वेगळा शाम्पू कशाला, हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्याच शाखेतली एक कुरळ्या केसांची मुलगी फाइल घेऊन आत गेली तेव्हा कुठे काम हललं.

"प्रिझर्वेटिव्ह नाही ना?" हा फोनवरचा नेहमीचा प्रश्न. आहे. पाणी असलेल्या वस्तूत प्रिझर्वेटिव्ह नसेल तर बुरशी येते, आणि ती तुमच्या टाळूवर जाते. नियमात बसतं तेवढं आम्ही घालतो आणि लेबलवर लिहितो. हे ऐकून जे फोन ठेवतात त्यांना मी थांबवत नाही.

नणंदेचं डोकं खरं लागलं ते ग्लिसरिनवर. ग्लिसरिन हवेतली ओल ओढतं. हवेत ओल नसेल तर केसातली ओढतं. एकच जेल लातूरच्या मे महिन्यात केस कडक करतं आणि रत्नागिरीच्या जुलैत फुगवून ठेवतं. म्हणून आमची जेलं दोन आहेत. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यासाठीचं जवळजवळ बिनग्लिसरिनचं, घट्ट धरून ठेवणारं. देशावरचं वेगळं. वेबसाइटवर ऑर्डर देताना आधी गाव विचारतो ते यासाठी. पाण्याचंही तसंच. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या कॅल्शियमचा थर केसावर बसतो आणि मग कंडिशनर लागत नाही अशी तक्रार येते. आमच्या शाम्पूत तो थर सोडवणारा घटक आहे. नळाचं गोड पाणी असेल तर साधा शाम्पू घ्या, महागाचा घेऊ नका.

पार्लरवाल्या बायकांशी आमचं भांडण नाही, उलट आमचं निम्मं काम त्यांच्यामार्फत चालतं. काही स्मूदनिंग ट्रीटमेंटमध्ये इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, धरलंय. ग्राहक वर्षातून एकदा तो धूर घेते, पार्लरमधली मुलगी लग्नसराईत रोज घेते. डोळे चुरचुरतात हे त्या मुली स्वतःच सांगतात. अमेरिकेत 33,497 बायकांचा जवळपास अकरा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास 2022 साली आला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. पण नेमकं कोणत्या रसायनामुळे ते त्यातून ठरत नाही, आणि मी ते घाबरवायला वापरत नाही. भीतीने आलेली बाई मधले महिने काढत नाही, असा माझा अनुभव.

केसांच्या उत्पादनांचा मोठा धंदा उभा करणाऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजिका मादाम सी. जे. वॉकरबाईंनी 1908 साली पिट्सबर्गमध्ये केसांची निगा शिकवणारी शाळा काढली होती आणि त्यांचा माल शिकलेल्या बायकाच विकायच्या. आमचा आवाका त्यांच्या नखाएवढाही नाही, पण कित्ता तोच. पार्लरच्या मुलींना कुरळे केस कोरडे असताना कापायला शिकवतो, कारण ओला कुरळा केस लांब दिसतो आणि वाळला की आखडून वर जातो. शिकलेल्या मुलीला टचअपचं गिऱ्हाईक गेल्याचं नुकसान होत नाही. तेच गिऱ्हाईक दर दोन-तीन महिन्यांनी सरळ टोकं छाटायला येतं.

लग्न ठरलेल्या मुली येतात तेव्हा मात्र मी पडतं घेते. "काकू, फक्त लग्नापुरतं सरळ करू का?" करा, पण इस्त्रीने, एका दिवसापुरतं, केस पूर्ण वाळवून. रसायन नको.

22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढ्या प्रमाणात शाम्पूची किंमत उतरवली आहे. जुन्या लेबलची बाटली हाती आली तरी बिल नव्या दरानेच होईल. शाळकरी मुलींसाठी गुंता सोडवायचा स्प्रे तपासणीत आहे, शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत तोवर त्याला मागणी राहणार. युनिटवर शनिवारी दुपारी केस धुवायला शिकवतो, फी नाही. येताना पंचा आणि स्वतःचा कंगवा आणा, आदल्या रात्री तेल लावलेलं चालेल. आणि टँकरचे दिवस असतील तर आधी फोन करा.