इंडियन डिनर रद्द

इंडियन रेस्टॉरंटचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते आणि मी स्पेनमधल्या ग्रानादातल्या हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांचे पासपोर्ट परत वाटत होते. सकाळी अलहंब्रा हा तिथला जुना किल्ला-राजवाडा बघून झाला होता. तिथल्या नासरी महालांच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, आणि ठरलेल्या वेळेला दारात नसाल तर आत घेत नाहीत. ते एकदा सुखरूप पार पडलं की टूर मॅनेजरचा जीव भांड्यात पडतो. माझा नुकताच पडला होता.

फोनवर मालक सांगत होते, चिमणीला आग लागली, कुणाला काही झालं नाही, पण किचन आज उघडणार नाही. साडेसातला माझ्या तीस माणसांचं जेवण होतं. पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस, गुलाबजाम. माद्रिदला हेच होतं, सेव्हियाला हेच होतं, बार्सिलोनालाही हेच असणार होतं.

पर्याय फारसे नव्हते. बस घेऊन दुसरीकडे जावं, तर आमच्या कोच कॅप्टनचे, म्हणजे बस ड्रायव्हरचे, त्या दिवसाचे तास संपले होते. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा, आणि हे सगळं बसमधल्या यंत्रावर नोंदलं जातं. तिथे ‘भाऊ, जरा जाऊन येऊ’ चालत नाही. हॉटेलचं डायनिंग साडेआठला उघडणार, आणि मेन्यूवर डुकराचं मांस तीन ठिकाणी. गावातल्या दुसऱ्या इंडियन ठिकाणी बारा खुर्च्या होत्या.

मग मी ठरवलं, तापासच खायला न्यायचं.

हे बोलायला सोपं आहे. ग्रानादात बारमध्ये काहीही प्यायला मागवलं की सोबत एक छोटी प्लेट फुकट येते. तीच तापा, अनेक झाल्या की तापास. दुसऱ्यांदा मागवलं की दुसरी, बहुतेक ठिकाणी वेगळी. स्पेनमध्ये आता बऱ्याच शहरांत तापाचे पैसे लागतात, पण ग्रानादा, अल्मेरिया, हाएन या बाजूला ही रीत टिकून आहे. लहान बियरचा ग्लास, म्हणजे कान्या, तीन युरोच्या आसपास, त्यातच खाणं आलं. कॉलेजची पोरं यावर महिना काढतात. पण फुकटची तापा कुठली, हे बार ठरवतो, आपण नाही. आणि बार ठरवतो तेव्हा त्यात हामोन असतं, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली डुकराची तंगडी. किंवा टूना असतो. स्पॅनिश वेटरला ‘मांस नको’ म्हटलं तर तो अगदी मनापासून टूना घातलेलं सॅलड आणून देतो. मासा त्याच्या लेखी मांसात मोडत नाही. हामोनही कधीकधी मोडत नाही.

माझ्या तीस जणांत अकरा शाकाहारी होते. त्यातलं एक जोडपं सांगलीचं, पक्कं जैन. कांदा, लसूण, बटाटा काही नाही, अंडं तर नाहीच, आणि सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही.

लॉबीत घोषणा केली तेव्हा आधी शांतता पसरली. मग डोंबिवलीच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे उभं राहून खायचं?” दादरचे एक गृहस्थ ब्रोशर उघडून उभेच होते. त्यांनी ‘इंडियन डिनर’ या शब्दांखाली बोट धरलं आणि ते मला दाखवत राहिले. त्यांचं चूक नव्हतं. लिहिलेलं होतंच. मी ऑफिसला कळवलंय, तेवढ्या रकमेचं बघतील, असं सांगितलं. ते म्हणाले, “पैशाचा प्रश्न नाहीये.” असं म्हणणाऱ्यांचा बहुतेक वेळा तोच असतो, पण ते असो. ते खोलीत थेपले खाऊन झोपले. त्यांना सोडून आम्ही निघायचं ठरवलं.

खरी अडचण मांसाची नव्हती, घड्याळाची होती. आपल्या माणसांना साडेसातला भूक लागते. स्पेनमध्ये चार वाजता स्वयंपाकघर बंद होतं ते आठ-साडेआठपर्यंत उघडत नाही. मधल्या वेळात बार उघडा असला तरी चीज, ऑलिव्ह, डब्यातले मासे आणि हामोन, एवढंच. त्याचं एक कारण घड्याळातच आहे. ग्रानादा लंडनच्याही पश्चिमेला येतं, पण स्पेनने १९४० साली घड्याळं पुढे करून मध्य युरोपची वेळ लावली, ती आजही तशीच आहे. त्यामुळे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. हे मी सांगितलं तेव्हा सांगलीचे काका पहिल्यांदा हसले. “मग साडेआठ म्हणजे आमच्या हिशेबाने दुपारच की.” माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

बाकीच्यांना आठपर्यंत तग धरायला मी पियोनोनो आणून दिले. बोटभर उंचीचा पाकात भिजलेला केक, वर भाजलेल्या क्रीमची टोपी. शेजारच्या सांता फे गावचा हा पदार्थ, पोप नववे पायस यांच्या नावाचा. अंडं खाणारे खूश झाले. न खाणाऱ्यांना केळी.

मी तोवर काये नावासवर पळाले. नगरपालिकेच्या चौकातून निघणारी ही गल्ली, दोन्ही बाजूंना बारच बार, गाड्यांना बंदी. खरं सांगायचं तर मला ही गल्ली फार आवडत नाही. वेटर दाराबाहेर उभे राहून मेन्यू पुढे करतात, पर्यटकांचा बाजार आहे. पण मला चव नको होती, जवळजवळची दारं हवी होती. एकोणतीस माणसं कुठल्याही तापास बारमध्ये एकदम मावत नाहीत, आणि मालकही घेत नाही. पाच-सहा जणांचे गट करून शेजारशेजारच्या बारमध्ये सोडायचे आणि मी मध्ये धावायचं, असं ठरलं. प्रत्येक गटात एक तरुण, त्याच्या हातात पैसे, फोन चार्ज केलेला. आजी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी दहा मिनिटांवर कांपो देल प्रिन्सिपेमध्ये बाहेरची टेबलं धरली. तो चौक मात्र खरा ग्रानादाचा आहे. मध्ये दगडी ख्रिस्त, भोवती टेबलं, टेबलांमधून फुटबॉल खेळणारी पोरं, आणि पोरांवर ओरडायच्या बेतात असलेल्या पण न ओरडणाऱ्या आया.

चौकातल्या एका बारच्या मालकीणबाईंना मी ओळखते. त्यांना माझं जैन कार्ड दिलं. स्पॅनिशमध्ये छापलेलं आहे, लॅमिनेट करून पाकिटात असतं. मांस नको, मासे नको, कोळंबी-शिंपले नको, हामोन नको, अंडं नको, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, मश्रूम नको. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कार्ड उलटून मागे काही आहे का पाहिलं आणि विचारलं, “मग ही माणसं आनंदी कशाने होतात?”

मी म्हटलं, मिरच्यांनी.

पिमिएंतोस दे पाद्रोन म्हणून बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या असतात, मूळच्या गालिसियाच्या. ऑलिव्ह तेलात अख्ख्या परतायच्या, साल फोडांनी भरली की वरून जाड मीठ. बहुतेक गोड निघतात, एखादी झणका देते. अडचण फक्त तेलाची. बारमधल्या कढईत दिवसभर कालामारीच्या रिंगा तळलेल्या असतात, आणि वांगं-मिरची-मासा सगळं त्याच तेलात जातं. ‘शाकाहारी’ मागितल्यावर ही गोष्ट कुणी सांगत नाही, आपणच विचारायची असते. बाईंनी वेगळा तवा काढला, समोर पुसला, नवी बाटली उघडली. मिरच्या झाल्या, त्याच तव्यावर हिरवं शतावर झालं, लसूण न चोळता टोमॅटो लावलेला पाव झाला, ऑलिव्ह, भाजके बदाम आणि कलिंगड. चीज मीच काढून टाकलं, कारण तिथलं मांचेगो चीज बनवताना दूध विरजायला सहसा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. प्यायला मोस्तो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. बर्फ आणि संत्र्याची फोड घालून देतात, त्याच्यावरही तापा मिळते. साध्या पाण्यावर सहसा मिळत नाही, हे आमच्या आजींना कळलं तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली बॅगेत परत ठेवून दिली. “मोस्तो सांग.”

आठला गल्लीत शिरलो. पहिल्याच बारमध्ये छताला तंगड्या टांगलेल्या, खुरांसकट, आणि प्रत्येकीच्या टोकाला खाली उलट्या छत्रीसारखी प्लास्टिकची वाटी. डोंबिवलीच्या काकूंनी मान वर करून विचारलं, “या छत्र्या कशाच्या?” गळणारी चरबी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून, असं सांगितल्यावर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि नंतर पूर्ण वेळ दारातल्या पिंपाजवळ उभ्या राहिल्या. तिथून त्या हलल्या नाहीत, पण वांग्याच्या प्लेटी मात्र तिथेच मागवत राहिल्या. पिठात घोळवून तळलेल्या वांग्याच्या चकत्या आणि वर उसाची काकवी. “आमचे काप, फक्त गोड,” असं म्हणत त्यांनी तिसरी प्लेट संपवली.

फोन वाजायला लागला तो थांबेना. ग्रुपवर फोटो येत होते, प्रश्न एकच: हे खाऊ का? उकडलेल्या बटाट्याचं पांढरं सॅलड: नको, टूना आहे. तिखट लाल सॉसमधले बटाट्याचे तुकडे: खा. गोल क्रोकेटा: फोडून बघू नका, हामोन आहेच. गार लाल सूप: वरचं अंडं आणि हामोन न घालता परत मागवा. बटाट्याचं जाड ऑम्लेट: अंडं चालत असेल तर खा आणि मलाही ठेवा. एक फोटो नुसताच टिश्यूचा आला. तिथल्या बारमधले कागदी रुमाल इतके गुळगुळीत असतात की तेल पुसलं जात नाही, पसरतं, आणि त्यावर छापलेलं असतं, भेटीबद्दल आभार.

कोल्हापूरच्या एका पाहुण्यांचा मात्र एकही फोटो आला नाही म्हणून मी शोधत गेले. ते काउंटरला टेकून हामोन कापणाऱ्याकडे पाहत होते. लांब लवचिक सुरी, हात जवळजवळ हलत नाही, आणि पारदर्शक काप पडतात, कडेला पांढऱ्या चरबीची रेघ. शिजवलेलं नाही म्हटल्यावर ते आधी बिचकले. हे त्रेव्हेलेसचं होतं, सिएरा नेव्हादाच्या उतारावरचं जवळपास दीड हजार मीटर उंचीचं गाव, तिथल्या थंड कोरड्या हवेत ते महिनोन्‌महिने मुरतं. त्यांनी एक काप जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले. “मीठ बरोबर आहे,” एवढंच म्हणाले. तिसऱ्या कान्यापर्यंत कापणाऱ्याने त्यांना सुरी धरून बघू दिली होती. दोघांत एकही समान भाषा नव्हती.

चौकात पोचले तेव्हा निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांनी सगळ्या टेबलाचा वर्ग घेतलेला. विषय मीच सकाळी बसमध्ये काढला होता. सांता फे, जिथले पियोनोनो, ते इथून दहा-बारा किलोमीटरवर. १७ एप्रिल १४९२ ला तिथेच कोलंबस आणि स्पेनच्या राजा-राणीचा करार झाला. काका प्लेटीतली एकेक वस्तू चमच्याने दाखवत होते. “हा बटाटा तिकडून, अमेरिकेतून. टोमॅटो तिकडून. मिरची तिकडून. त्या करारावर सही झाली तेव्हा या टेबलावर यातलं काय असतं? ऑलिव्ह आणि पाव.” सांगलीचे काका शांतपणे म्हणाले, “आणि कलिंगड.” ते बरोबर होतं, अरबांनी ते आधीच आणलेलं. शिक्षक काकांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

सव्वानऊला सांगलीच्या काकूंनी शेवटची मिरची उचलली आणि ती नेमकी तिखट निघाली. डोळ्यांत पाणी, हातात मोस्तो, आणि समोरच्या घराच्या गच्चीवर अजून चांगलं पिवळं ऊन. “अजून वीस मिनिटं आहेत,” काका घड्याळ बघून म्हणाले. मालकीणबाईंना यातलं काहीच समजलं नाही. त्या मिरच्यांची आणखी एक प्लेट घेऊन आल्या, तिचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

सगळ्यांना सगळंच आवडलं असं नाही. ठाण्याच्या एका जोडप्याला ‘जेवल्यासारखं वाटलं नाही’, आणि ते मला पटतं. भात नाही, ताट नाही, बसायला जागा नाही, आणि खाणं दर पंधरा मिनिटांनी एकेक घास येणार. सतत काहीतरी चाललंय पण जेवण कधी सुरू झालं आणि कधी संपलं कळत नाही. त्या दोघांना मी हॉटेलवर कप नूडल्स करून दिले. माझ्या बॅगेत ते असतातच.

ऑफिसने दुसऱ्या दिवशी बदललेल्या जेवणाचं बिल मागितलं. एका बिलाऐवजी मी सहा बारांच्या चिठ्ठ्या पाठवल्या, दोन तेलकट. खर्च ठरलेल्या इंडियन डिनरपेक्षा कमीच आला होता. अकाउंट्सच्या मॅडमचा त्यावर एकच प्रश्न आला: कंपनीच्या नियमाप्रमाणे दारूचा खर्च मंजूर होत नाही, तेव्हा मोस्तो हे नेमकं काय आहे आणि जैन पाहुण्यांनी ते चौदा ग्लास का घेतलं? मी बाटलीवरच्या लेबलचा फोटो पाठवला, द्राक्षाचा रस. त्यांचं उत्तर आलं, ‘लेबल स्पॅनिशमध्ये आहे.’